चोवीस काड्यांचा कंदील

आकाशकंदील दुकानात पाहिला जातो दिवसा आणि घरी लागतो रात्री. निम्मी फसगत तिथेच होते. उन्हात झगझगणारा सोनेरी कागद आत दिवा लागल्यावर काळा ठिक्कर पडतो, गर्द निळा रंग विझल्यासारखा दिसतो, आणि दिवसा कुणाच्या लक्षातही न आलेला खळीचा ओघळ रात्री डागासारखा उठून दिसतो. म्हणून कंदील घरी करायला बसलं की पहिला नियम असा की प्रत्येक कागद खिडकीसमोर नाही, पेटलेल्या बल्बसमोर धरून निवडायचा. हा नियम पाळला तर पुढच्या बऱ्याच चुका टळतात.

माहीमच्या कंदील गल्लीत किंवा कुठल्याही शहराच्या पेठेत दिवाळीच्या आधी जो पारंपरिक घाट टांगलेला दिसतो, त्याचाच इथे विचार करू. टोकावर उभे राहिलेले चार चौकोन, वर एक चौकोन, खाली एक, आणि यांच्या मधल्या जागांत आपोआप तयार झालेले आठ त्रिकोण. बघायला किचकट, पण हिशोब सरळ आहे. सहा चौकोनांच्या चोवीस काड्या, सगळ्या एका मापाच्या. त्रिकोणांसाठी वेगळी एकही काडी लागत नाही, कारण प्रत्येक त्रिकोणाच्या तिन्ही बाजू शेजारच्या चौकोनांकडून उसन्या येतात. चौकोनांचे कोपरे जिथे एकमेकांना भेटतात अशा जागा बारा. म्हणजे सहा चौकोन बांधून झाले की उरतात फक्त बारा गाठी.

काडी २० सेंमीची धरली तर कंदिलाची उंची २८ सेंमीच्या किंचित वर जाते, कारण उभ्या चौकोनाचा कर्ण हीच कंदिलाची उंची. फ्लॅटच्या गॅलरीला हे माप पुरेसं आहे. अंगणात किंवा चाळीच्या सामायिक गॅलरीत ३० सेंमीची काडी घ्यावी, उंची ४२ सेंमी होईल. पण काडी दीडपट झाली की कागद सव्वादोन पट लागतो आणि वाऱ्याचा रेटाही तेवढाच वाढतो. पहिल्यांदा करणाऱ्याने २० वरच थांबावं.

काड्यांचं काम बुरुडाकडून करून घेतलं तर उत्तम. पुण्यात बुरूड आळीत, इतर गावांत बाजाराच्या कडेला टोपल्या-सुपं विणणाऱ्यांकडे माप सांगितलं की कामट्या तासून मिळतात. स्वतः करायच्या असतील तर वाळलेला, लांब पेराचा बांबू बघावा. ओला घेऊ नये. ओली कामटी सहज वाकते म्हणून मोह होतो, पण ती वाळताना आकसते आणि आठवड्याभरात सगळ्या गाठी सैल पडतात. ५ सेंमी जाडीच्या बांबूचा घेर साधारण १५.७ सेंमी असतो. त्याचं दोन गाठींमधलं ३० सेंमीपेक्षा थोडं लांब पेर कापून घेतलं आणि ते निम्मं, त्याचं निम्मं असं पाच वेळा चिरलं, तर ३२ कामट्या निघतात, प्रत्येकी जेमतेम ५ मिलिमीटर रुंद. लागतात एकूण २७, चोवीस चौकोनांच्या आणि तीन पुढे येणाऱ्या ३० सेंमीच्या कर्णांच्या; उरलेल्या पाच मोडतोडीसाठी. एका पेरात अख्खा कंदील बसतो.

चिरताना नेहमी निम्मं-निम्मंच करायचं. कडेने एक बारीक काडी सोलून काढू म्हटलं तर चीर बारीक बाजूकडे पळते आणि काडी मध्येच निसटून तुटते. दोन्ही भाग सारख्या जाडीचे असले की चीर सरळ जाते. तरीही ती एका अंगाला सरकू लागली तर जो भाग जाड उरतोय तो जास्त वाकवायचा, चीर पुन्हा मधे येते. चिरून झाल्यावर आतला भुसभुशीत भाग काढून टाकून जाडी ३ मिलिमीटरवर आणायची. बळ असतं ते सालीकडच्या भागात. मात्र त्या गुळगुळीत सालीवर खळ धरत नाही, कागद दोन दिवसांत सुटतो. तेव्हा सालीवरून पॉलिशपेपर फिरवून चकाकी घालवायची. कडाही याच वेळी घासून घ्याव्यात, नाहीतर बांबूची बारीक कूस बोटात जाते आणि ती काढताना दिवाळी आठवते.

परदेशात, किंवा जिथे बांबूवाला सापडत नाही तिथे, बार्बेक्यूसाठी मिळणाऱ्या ३० सेंमीच्या बांबूच्या गोल काड्या चालतात. त्या ३ मिलिमीटर जाडीच्या, सरळ आणि साल नसलेल्या असतात. खळ छान धरते. गोल असल्यामुळे गाठीत त्या फिरतात, एवढाच दोष. टोकाशी सुरीने थोडा सपाट भाग केला की तोही जातो. खराट्याचे हीर मात्र एवढ्या कंदिलाला घेऊ नयेत. एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला निमुळते असल्यामुळे चौकोन एका बाजूला झुकतो. मुलांसाठी १० सेंमीचा छोटा कंदील करायचा असेल तर हीर ठीक.

आता मापाचं काम, आणि इथे घाई नको. प्रत्येक काडी २२ सेंमी कापायची आणि दोन्ही टोकांपासून एकेक सेंमीवर पेन्सिलीची खूण करायची. खुणेपासून खुणेपर्यंत बरोबर २० सेंमी. गाठ खुणेवर पडते, टोक पुढे राहतं. काड्या तंतोतंत २० सेंमीच्या कापल्या तर टोकाला दोरा टिकत नाही, निसटतो. एका फळीवर २० सेंमीच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार खिळे ठोकून साचा करावा आणि सहाही चौकोन त्याच साच्यात बांधावेत. पट्टीने मोजून प्रत्येक वेळी वेगळा बांधला तर दोन-दोन मिलिमीटरची तफावत येते. ती एका चौकोनात दिसत नाही. शेवटचे त्रिकोण बंद करताना मात्र सगळी एकत्र येऊन उभी राहते, आणि मग शेवटची गाठ ओढून-ताणून मारावी लागते. ओढून मारलेली गाठ कंदील कायमचा तिरका ठेवते.

दोरा सुती, मध्यम जाडीचा. नायलॉनचा दोरा मजबूत असला तरी गुळगुळीत असल्याने काडीवर घसरतो. दोन काड्या जिथे एकमेकींवर येतात तिथे एका कर्णाच्या दिशेने चार वेढे, मग दुसऱ्या कर्णाच्या दिशेने चार, मग दोन्ही काड्यांच्या मधून आडवे दोन आणि गाठ. त्या आडव्या दोन वेढ्यांनीच बांधणी आवळली जाते. ते विसरले तर कितीही दोरा गुंडाळा, जोड हलतच राहतो. बांधून झाल्यावर गाठीवर बोटभर खळ चोळून ठेवावी.

सहा चौकोन तयार झाले की एक टेबलावर आडवा ठेवायचा. त्याच्या चार कोपऱ्यांना उरलेल्यांपैकी चार चौकोनांचा एकेक कोपरा बांधायचा. ते टोकावर उभे केले की शेजारच्यांचे कोपरे एकमेकांना लागतात. ते चार जोड बांधायचे. वर आलेल्या चार टोकांवर सहावा चौकोन बसतो. झाला सांगाडा.

आणि इथे पहिल्यांदा करणारा हमखास घाबरतो. कारण हा सांगाडा उभाच राहत नाही. वरून जरा दाबलं की सगळा मुरगळत खाली बसतो, हाताने सावरला तर दुसऱ्या बाजूला मुरगळतो. वाटतं गाठी सैल झाल्या, म्हणून त्या पुन्हा आवळल्या जातात, दोऱ्याचा गुंता वाढतो, आणि उपयोग काहीच होत नाही. दोष गाठींचा नसतोच. तीन काड्यांचा त्रिकोण जागचा हलत नाही, पण चार काड्यांचा चौकोन कितीही घट्ट बांधला तरी कलता होऊ शकतो. आपल्या कंदिलात असे कलणारे सहा चौकोन आहेत. प्रत्येकाला एकेक तिरका आधार मिळाला, म्हणजे बरोबर सहा आधार झाले, की कंदील ताठ होतो. पाच दिले तरी एक अंग हलतंच.

यातले चार आधार कागद देतो. उभ्या चार चौकोनांवर चिकटवलेला कागद वाळून ताणला की दोन्ही कर्णांच्या दिशेने खेचून धरतो. वरचा आणि खालचा चौकोन उघडा ठेवायचा असतो, वरचा उष्णता जायला आणि खालचा बल्ब बदलायला. म्हणून तिथे काडीच हवी. खाली एक कर्ण, वर दोन कर्ण एकमेकांना छेदून. वरच्या छेदावर होल्डर टांगायचा आहे, त्यासाठीच दुसरी काडी. या तीन काड्या ३० सेंमी लांब घ्यायच्या आणि २८.३ सेंमीवर खुणा करायच्या. कर्णाच्या काड्या कागदाआधी बांधायच्या. कागद लावून झाल्यावर बांधायला गेलं तर सांगाडा जरासा सरळ होताना आधी लावलेला कागद कोपऱ्यातून फाटतो.

पतंगी कागदाचा ताव साधारण ५० बाय ७५ सेंमीचा मिळतो. दुकानागणिक थोडा फरक असतो, घेताना पट्टी लावून बघावी. बाजूंना एकेक सेंमी दुमड धरून चौकोनासाठी २२ सेंमीचे तुकडे लागतात. एका तावात सहा निघतात, आपल्याला हवेत चार. त्रिकोण दुमडीसकट २३.५ सेंमी बाजूचा, उंची २०.४ सेंमी. पुठ्ठ्याचा एक साचा कापून घेऊन तावाच्या लांबीवर एक सुलटा, एक उलटा असे त्रिकोण आखले तर एका पट्ट्यात पाच बसतात, दोन पट्ट्यांत दहा. हवेत आठ. सगळे सुलटे आखले तर दुसरा ताव फाडावा लागतो.

रंगांबद्दल. पिवळसर प्रकाशाच्या बल्बमध्ये निळा अंश कमी असतो, त्यामुळे निळा किंवा जांभळा कागद आतून उजळायला प्रकाशच पुरत नाही. पिवळा, केशरी, लाल, गुलाबी हे रंग फुलतात. हिरवा पोपटी छटेचा असेल तर चालतो. निळाच हवा असेल तर बल्ब पांढऱ्या प्रकाशाचा घ्यावा, पण मग केशरी फिका दिसणार हे धरून चालायचं. माझं मत विचाराल तर चौकोन केशरी किंवा राणी, त्रिकोण पांढरे. पांढऱ्या त्रिकोणांतून बाहेर पडणारा प्रकाश गॅलरीच्या भिंतीवर उतरतो आणि कंदील आहे त्यापेक्षा मोठा वाटतो. आठही त्रिकोण आठ रंगांचे करायचा उत्साह आवरावा.

खळ मैद्याचीच करावी. दोन मोठे चमचे मैदा, एक कप पाणी. मैदा आधी पाव कप गार पाण्यात गुठळी न राहता कालवायचा, मग उरलेलं पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळायचं. पांढरा रंग जाऊन काचेसारखी झाक आली की उतरवायचं. त्याआधी उतरवली तर पीठ कच्चं राहतं आणि वाळल्यावर कागदावरून पापुद्र्यासारखं सुटतं. झुरळं आणि बुरशी लागू नये म्हणून पूर्वी खळीत मोरचूद घालत. तो विषारी आहे; घरात मुलं हाताने खळ फासत असतील तर घालूच नये, चिमूटभर तुरटीवर भागवावं. एवढी खळ एका कंदिलाला पुरून उरते, पण उरलेली दोन दिवसांनी आंबते. फेव्हिकॉल झटपट होतं हे खरं. पण खळ कागद सरकवून नीट बसवायला वेळ देते आणि पुढच्या वर्षी ओल्या फडक्याने निघते. सांगाडा जपून ठेवायचा असेल तर हा फरक मोठा आहे.

खळ कागदाला लावायची नाही, काडीला लावायची. बोटाने पातळ थर. कागद काडीवर टेकवून आधी समोरासमोरच्या दोन कडा दुमडायच्या, मग उरलेल्या दोन. कोपऱ्यात कागदाचा छोटा त्रिकोण कापून टाकला तर दुमड एकमेकींवर चढत नाही. काड्यांची पुढे आलेली टोकं गाठीपासून ३-४ मिलिमीटर ठेवून कापायला विसरू नये, तीच नंतर कागदाला भोक पाडतात. एक चौकोन झाला की त्याच्या समोरचा घ्यायचा, शेजारचा नाही. ओला कागद वाळताना आकसतो आणि सांगाड्याला आपल्याकडे ओढतो. समोरासमोर लावला की दोन्हीकडची ओढ सारखी राहते. सगळे चौकोन वाळल्यावर त्रिकोण. ओले असताना कागद थोडा ढिला, सुरकुतलेला दिसतो, तेव्हा तो खेचायचा नाही. रात्रभरात आपणहून ताणून बसतो, बोटाने टिचकी मारली तर टणटण वाजतो. ओला असतानाच ताणला तर सकाळी कडेला चीर पडलेली सापडते.

दुमडीची रुंदी सगळीकडे सारखी ठेवा म्हणून जो आग्रह धरला जातो, त्याचं कारण रात्री कळतं. दोन थर जिथे आहेत तिथे प्रकाश कमी येतो, आणि प्रत्येक दुमड एक गडद किनार होऊन दिसते. सारखी असेल तर ती रेखीव चौकट वाटते. वेडीवाकडी असेल तर कंदील ठिगळं लावल्यासारखा दिसतो. सोनेरी पट्टीचंही तसंच. काड्या झाकायला १ सेंमीची पट्टी पुरते. दोन-तीन सेंमीची लावली की दिवसा भरजरी आणि रात्री नुसत्या काळ्या फळ्या. कागदात नक्षी हवी असेल तर ती बाहेरून न चिकटवता आतून चिकटवावी. दिवसा ती जवळजवळ दिसत नाही, दिवा लागला की स्पष्ट उमटते. कागदाला अगदी टेकून बसली पाहिजे, सुटी राहिली तर सावली पसरट पडते.

बारा गाठी झाकतात त्या करंज्या. पतंगी कागदाचा १० सेंमीचा चौकोन घ्यायचा, त्याची एक कड विणकामाच्या सुईवर मध्याच्या दिशेने तीनेक सेंमी गुंडाळायची आणि सुईवरच दोन्ही टोकांकडून आत दाबायची. गुंडाळीला बारीक चुण्या पडतात. मग सुई ओढून काढायची आणि समोरच्या कडेला तेच करायचं. चुण्यांमुळे कडा आखूड झाल्या, मधला भाग तेवढाच राहिला, म्हणून तो फुगून वर येतो. दोन्ही कडा एकमेकींना चिकटवल्या की करंजी तयार. गुंडाळी फार घट्ट असेल तर सुईवर सरकत नाही, फार सैल असेल तर चुण्या उलगडतात. दोन-तीन कागद वाया जाणार हे धरूनच चालावं. घोटीव कागद इथे नको, तो कडक असतो आणि चुण्यांऐवजी मोडतो.

झिरमिळ्यांसाठी आणखी एक ताव. लांबीच्या दिशेने २.५ सेंमीच्या पट्ट्या कापल्या तर ७५ सेंमीच्या वीस निघतात, खालच्या चौकोनाच्या प्रत्येक बाजूला पाच. पण कापण्याआधी तावाचा कोपरा दोन्ही दिशांनी थोडा फाडून बघायचा. ज्या दिशेने तो सरळ फाटतो त्या दिशेने कागदाचे तंतू असतात, आणि पट्टीची लांबी त्याच दिशेने हवी. उलट कापलेल्या पट्ट्या वाऱ्याच्या झोतात पहिल्याच रात्री मधून तुटतात. क्रेप कागद वापरला तर पट्टी चुण्यांच्या रेषांना समांतर कापायची. आडवी कापली तर दवाने ती लांबत जाते आणि चौथ्या दिवशी शेजाऱ्याच्या खिडकीशी पोचते. आणि हो, गडद रंगाच्या पतंगी कागदाचा रंग ओला झाला की सुटतो. परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला तर झिरमिळ्यांखाली वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांचं काय होतं ते सांगायला नको. गॅलरीत कंदील छताच्या आत फूटभर घ्यावा, दवही कमी लागतं.

दिवा ३ ते ५ वॅटचा एलईडी. जुन्या ६० वॅटच्या बल्बने कागद तपकिरी पडून करपायचा. एलईडीने ती भीती बरीच कमी केली, तरी बल्ब कागदापासून १० सेंमी लांब असावा. आपल्या कंदिलात तो बरोबर मध्यावर आला तर चारही बाजूंना १४ सेंमी अंतर मिळतं, आणि उजेडही सारखा पडतो. बल्ब वर राहिला तर खालचे त्रिकोण अंधारात राहतात. म्हणून होल्डरची वायर वरच्या छेदावर अशी बांधायची की बल्बचा मध्य १४ सेंमी खाली यावा. होल्डरचं तोंड खाली. कंदिलाचं वजन वायरवर कधीही टाकू नये. वरच्या चौकोनाच्या चार कोपऱ्यांतून चार दोऱ्या वर घेऊन त्या एका दोरीला बांधाव्यात आणि वायर शेजारून ढिली सोडावी. सगळा भार एकाच दोरीने छेदावरून घेतला तर कंदील वाऱ्यात गरगर फिरतो आणि झिरमिळ्यांचा वेढा वायरीला बसतो. आकाशदीप म्हणून कार्तिकात उंच लावायचा तो तेलाचा दिवा होता. कागदाच्या कंदिलात पणती किंवा मेणबत्ती ठेवायचा विचारही करू नये.

२०१८ साली राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आली, तरी प्लास्टिकचे घडीचे कंदील बाजारात दिसतातच. ते धुता येतात, पावसात टिकतात, हे त्यांचे गुण मान्य. पण त्यांचा कागद बदलता येत नाही, आणि या कंदिलाचं खरं सुख बदलण्यातच आहे.

वसुबारसेला लागलेला कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत किंवा त्रिपुरी पौर्णिमेपर्यंत राहतो. उतरवल्यावर तो तसाच माळ्यावर टाकला तर खळीच्या वासाने झुरळं आणि कसर येते, आणि पुढच्या वर्षी हातात चाळण येते. ओलं फडकं काड्यांवरून फिरवून दहा मिनिटं थांबलं की कागद सोलून निघतो. खळीचे अवशेष कोमट पाण्याने पुसून सांगाडा दिवसभर सावलीत वाळवायचा. उन्हात ठेवला तर कामट्या वाकतात. मग वरच्या-खालच्या तीन कर्णांच्या काड्या सोडायच्या. सहाचे सहा आधार गेले की सांगाडा पुन्हा मुरगळायला मोकळा होतो. बांधताना ज्याने घाबरवलं तेच आता कामाला येतं, कारण मुरगळून तो बराच लहान होतो आणि जुन्या उशीच्या अभ्र्यात मावतो. त्याच अभ्र्यात तीन सुट्या काड्या, त्रिकोणाचा पुठ्ठ्याचा साचा आणि थोडा सुती दोरा ठेवून द्यावा. पुढल्या वर्षी सैल झालेल्या दोन-चार गाठी नव्याने मारायच्या आणि बल्ब पेटवून कागद निवडायला बसायचं.